एकेचाळीस अंगठे

७ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. रोज पहाटे उठून सिंदोरो डोंगरावरचा सूर्योदय टिपायचा. टीका मोकळ्या मनाने ऐकायची. रोजनिशी रोज लिहायची. (आज सात तारीख आहे, पण पहिले सहा दिवस मनातल्या मनात लिहिली.)

मेअखेर मी निवृत्त होणार. लोक विचारतात, साहेब, पुढे काय? कालीआरेनचा चामात, म्हणजे तालुक्याचा प्रमुख, म्हणून नऊ वर्षं सह्या केल्या, या तालुक्यात माझ्या शिक्क्याशिवाय साधी मोरी बांधली गेली नाही. लोकांना वाटतं, खुर्ची गेली की हा माणूस संपला. मी नुसता कॅमेरा दाखवतो. चामातपद ही नोकरी होती, फोटोग्राफी हा मी आहे. वाक्य चांगलं जमलं. निरोपसमारंभात वापरावं.

८ जानेवारी, सकाळी ७.१०
उठायला किंचित उशीर. सूर्य बराच वर आला होता. मोठा कॅमेरा चार्ज नव्हता म्हणून मोबाईलवर काढला आणि आमच्या 'लेन्सा सेन्जा' (सांजवेळेची लेन्स) ग्रुपवर टाकला. ग्रुप मीच काढलाय. त्रेचाळीस सभासद, सगळे हौशी फोटोग्राफर: ऑफिसातली मंडळी, गावप्रमुख, मुख्याध्यापक, ठेकेदार. नऊ मिनिटांत एकेचाळीस अंगठे.

माझा हेडक्लार्क त्रियोनो लिहितो, परवानगी असावी साहेब, कोपऱ्यातला तो गुलाबी धूसर आकार पाहून अंगावर काटा आला, जणू निसर्गाकडे झेपावणारा मानवच.

मी पुन्हा नीट पाहिलं. माझा अंगठा आलाय. पण त्रियोनो म्हणतो त्यात तथ्य आहे.

९ जानेवारी
अंगठा मुद्दाम ठेवून तीन फोटो काढले. मोठ्या लेन्सपुढे माझा हात पोचत नाही, म्हणून त्रियोनोला पहाटे पाचला बोलावून त्याचा अंगठा घेतला. स्वतःची शैली सापडायला लोकांची हयात जाते. मला दोन दिवस लागले.

ठेकेदार गुनार्तो लिहितो, परवानगी असावी साहेब, आपल्याला पाहून सूर्यानेच मान झुकवली. दुपारी तो ऑफिसातही येऊन गेला. आलाच होता तर पुलाच्या कामाची फाईल बरोबर होती, सही करून टाकली. एवढ्या धावपळीच्या माणसाला कलेची ओढ आहे, हे पाहून बरं वाटतं.

२१ जानेवारी
बेचाळिसावा अंगठा कधीच येत नाही. तो को ह्वातचा.

को ह्वातचा बाजारात फोटो स्टुडिओ आहे. चाळीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय. शाळेत माझ्या दोन वर्ग पुढे होता (मी त्याला 'को', म्हणजे दादा, म्हणतो), म्हणून मला अजून नावाने हाक मारतो. त्याला ग्रुपमध्ये घेतलं ते धंद्यातला एखादा जाणकार असावा म्हणून. आज त्याने सगळ्यांदेखत लिहिलं: अरे मुल्यात्नो, डोंगर उजवीकडे ओघळलाय. आणि म्हशीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. दोन पावलं डावीकडे सरकायचं होतंस की.

परवानगी वगैरे काही नाही.

लगेच त्रियोनोने सावरून घेतलं. म्हणाला, साहेबांच्या फोटोत डोंगरसुद्धा नमून उभा आहे. वर बत्तीस जणांनी हात जोडले.

दोन पावलं डावीकडे ओढा होता. को ह्वातला जागेची माहिती नाही. स्टुडिओत बसून बोलायला काय जातं?

४ फेब्रुवारी
एक गंमत झाली. सुलास्त्रीने (माझी बायको) विजेच्या मीटरचा फोटो काढून मोठ्या मुलाला पाठवायला सांगितलं होतं, बिलात काही घोळ आहे म्हणून. घाईत तो ग्रुपवर गेला. मी काढून टाकणार तोवर एकोणतीस अंगठे आले होते.

मुख्याध्यापक लिहितात, यंत्रयुगात सापडलेल्या माणसाची घुसमट. आरोग्यकेंद्राच्या बाई म्हणतात, डोळे पाणावले. गुनार्तो म्हणतो, परवानगी असावी साहेब, हे आकडे नाहीत, ही आपल्या आयुष्याची गती आहे.

काढला नाही. 'गती' असं नाव दिलं.

संध्याकाळी को ह्वातने लिहिलं, तुझा हा पहिला फोटो जो सरळ आलाय, हात हलला नाही.

टोमणा कळतो मला. आज ग्रुपची शिस्त थोडी कडक केली. टीका विधायक असावी, असा नियम केला आणि को ह्वातला ग्रुपमधून काढलं. माझं मन टीकेला मोकळंच आहे, पण ग्रुपचं वातावरण बिघडता कामा नये.

१० मार्च
विचार पक्का. सतरा ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, तालुका कचेरीच्या मोठ्या पेंदोपोत माझ्या एकट्याच्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन. चारी बाजूंनी उघडा मंडप, वर उंच कौलं, झेंडावंदनाला येणारं अख्खं गाव समोर. ग्रुपवर जाहीर केलं. गुनार्तो म्हणाला, साहेब, पाच फोटो आत्ताच माझे समजा. मुख्याध्यापकांना शाळेसाठी दोन हवेत. गावप्रमुख म्हणाले, आमच्या पंचायतीच्या भिंती आपलीच वाट पाहतायत.

सुलास्त्री म्हणाली, ऑगस्टमध्ये तुम्ही चामात नसाल. म्हटलं, म्हणूनच तर. लोक चामाताच्या प्रदर्शनाला भीतीपोटी येतात, कलावंताच्या प्रदर्शनाला प्रेमापोटी. ती कोबी चिरत होती.

११ एप्रिल
लेबारानचा सण. ईदच्या भेटीला सकाळपासून दोनशे चौदा माणसं. बिस्किटांचे डबे रचायला जागा उरली नाही. येणारा प्रत्येक जण दिवाणखान्यातल्या 'गती'पुढे थांबून मान हलवायचा. एकाने तर मीटरचे आकडे मोठ्याने वाचले आणि सुस्कारा सोडला.

२८ मे
पेंदोपोची परवानगी कागदावर घेऊन ठेवली. अर्जदार मुल्यात्नो, मंजुरी देणार मुल्यात्नो. दोन्ही सह्या वेगवेगळ्या पेनांनी केल्या, उगीच कुणी बोट ठेवायला नको.

३१ मे
निरोपसमारंभ. ते वाक्य म्हटलं. टाळ्या. त्रियोनो रडला. म्हणाला, साहेब, सूर्योदय आता पोरका झाला. मीही थोडा रडलो.

उद्यापासून पूर्णवेळ कला.

२ जून, सकाळी ६.००
निवृत्तीनंतरचा पहिला सूर्योदय. आजवरचा माझा सर्वोत्तम फोटो. ग्रुपवर टाकला.

सकाळी ९.००
सहा अंगठे. डोंगरात नेटवर्कची बोंब आहे.

रात्री ८.००
सात. सातवा सुलास्त्रीच्या भाचीचा. तिला ग्रुपमध्ये मीच काल घेतलं.

५ जून
टॉवरवाल्यांना फोन केला. म्हणतात टॉवर ठीक आहे. त्यांना काय कळतंय.

तंबाखूच्या रोपांचे दिवस आहेत, लोक शेतात असणार. ठेकेदार शेती करत नाहीत हे खरं, पण त्यांचे मजूर करतात, त्यामुळे त्यांच्याही डोक्याला ताप असेलच.

९ जून
तोच फोटो पुन्हा टाकला, चुकून कुणाचा बघायचा राहिला असेल तर. तीन अंगठे.

त्रियोनोचा नुसता अंगठा. 'परवानगी असावी' नाही, काटा नाही, डोळ्यांत पाणी नाही. बढतीच्या कामात असेल. त्याच्या बढतीची शिफारस जाता जाता मीच केली.

१३ जून
नेटवर्कची स्वतःच चौकशी करावी म्हणून कचेरीत गेलो. फाटकावर नवा रखवालदार. म्हणाला, आजोबा, वहीत नाव लिहा, कोणाकडे काम? म्हटलं, काम नाही, नेटवर्क बघायचंय. तो म्हणाला, ते दुरुस्तीवाले मागच्या दाराने येतात.

नऊ वर्षं मी त्या फाटकातून गाडीत बसून जात होतो. वही आहे हे आज कळलं. वहीचा कागद चांगला आहे.

आत नव्या चामातबाई भेटल्या. विद्यास्तुती त्यांचं नाव. बोलायला गोड. टेबलावर ऑर्किडच्या तीन कुंड्या. मी म्हटलं, फुलांचे फोटो हवे असतील तर सांगा. त्या म्हणाल्या, नको, त्रियोनो छान काढतो.

त्रियोनो? ज्याच्याकडून मी फक्त अंगठा घेत होतो, तो?

२२ जून
ग्रुपवर अचानक चैतन्य. सकाळपासून पासष्ट मेसेज. मनात म्हटलं, आलं नेटवर्क. उघडून पाहतो तर सगळीकडे ऑर्किड. गुनार्तोच्या दारातली ऑर्किड, मुख्याध्यापकांच्या खिडकीतली ऑर्किड, आरोग्यकेंद्राच्या टाकीवरची ऑर्किड. चामातबाईंना काल त्रियोनोने ग्रुपमध्ये घेतलंय, हे वर सरकवल्यावर दिसलं.

बाईंनी एका कळीचा फोटो टाकलाय. बराच हललेला. गुनार्तो लिहितो, परवानगी असावी बाई, आपल्याला पाहून फुलानेच मान झुकवली.

वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. गुनार्तोचा शब्दसंग्रह बेताचाच.

२३ जून
ग्रुपचं नाव बदललं. आता 'ऑर्किड सेन्जा'. मला विचारलं नाही. मला ॲडमिनवरूनही काढलंय. त्रियोनोला फोन केला. म्हणाला, काका, तुम्हाला आता आराम हवा, म्हणून जबाबदारी कमी केली.

काका. गेल्या महिन्यापर्यंत साहेब होतो.

सुलास्त्री म्हणाली, लोक उगवत्याला नमस्कार करतात हो, तुम्ही मावळलात. मग बशीत तेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, दोन भजी जास्त वाढली.

२४ जून, दुपार
खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं. काल रात्री झोप नाही.

मी कारकून होतो तेव्हाच्या चामातसाहेबांना होले पाळायचा नाद होता. रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी त्यांचे पिंजरे धुवायचो आणि म्हणायचो, साहेब, हा होला फक्त तुमच्याच पायांचा आवाज ओळखतो. चार वर्षं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. पण ती गोष्ट वेगळी. तो होला खरंच बरा घुमायचा.

१ जुलै
मरगळ झटकली. प्रदर्शन ही ग्रुपची मेहेरबानी नाही, माझा हक्क आहे, लेखी परवानगी आहे. चाळीस फोटो कॅनव्हासवर छापायचे. तालुक्यात एवढं मोठं छपाईचं यंत्र एकट्या को ह्वातकडे. गेलो. मागचं काही मनात नाही, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, माझ्या तर नव्हतंच, ग्रुपमधून गेल्यावर फोन जरा गप्प झाला एवढंच.

दीड मीटर रुंदीचे हवेत म्हटलं. तो म्हणाला, अरे मुल्यात्नो, फोटोंना एवढं पेलत नाही रे, वहीएवढे छाप, बरे दिसतील. मी म्हटलं, दुरून बघायचे असतात. तो म्हणाला, किती दुरून?

दीड मीटरचेच सांगितले. नाकापेक्षा मोती जड, असं काहीतरी तो यंत्राशी पुटपुटला.

२ ऑगस्ट
चामातबाईंना परवानगीचं पत्र दाखवलं. दोनदा वाचलं. सह्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाल्या, त्याच दिवशी पेंदोपोत ऑर्किडचं प्रदर्शन आहे, पण तुमचा मान आहे, दोन्ही बसवू.

दोन्ही बसवू! कला आणि निसर्ग एका छताखाली. मी उगाच माणसांवर शंका घेतली. गुनार्तो, मुख्याध्यापक, गावप्रमुख यांना फोटो राखून ठेवल्याचा मेसेज पाठवला. वाचलेत. उत्तरं सवडीने देतील.

१६ ऑगस्ट, संध्याकाळ
त्रियोनो टेम्पो घेऊन स्वतः आला. काका, सगळे चाळीस द्या, एकही ठेवू नका म्हणाला. आवाजात तळमळ होती. मापही घेतलं. दीड मीटर ऐकून म्हणाला, वा, हेच हवं होतं! माझा निर्णय बरोबर ठरला. को ह्वातला सांगायला हवं.

नवा बाटिक शर्ट इस्त्री करून ठेवला. भाषण तीन मिनिटांचं. 'गती'बद्दल कुणी विचारलं तर मीटरचा उल्लेख टाळायचा.

१७ ऑगस्ट, दुपारी ३.००
झेंडावंदन झालं. पेंदोपोत शिरलो. माणसांचा पूर. दोनशे-अडीचशे ऑर्किड मांडलेली. माझे फोटो कुठे दिसेनात.

मग दिसले. म्हणजे त्यांच्या पाठी दिसल्या. डोंगरावरून वारा फार येतो, फुलं झडतात, म्हणून चाळीसच्या चाळीस कॅनव्हास फुलांमागे आडोशाला उभे केले होते. पांढरी बाजू फुलांकडे, फोटो मंडपामागच्या आवाराच्या भिंतीकडे. त्रियोनो म्हणाला, काका, पांढऱ्यावर फुलांचा रंग काय उठतो बघा.

गुनार्तो भेटला. एकदम मस्त काम केलंत म्हणाला, वारा अजिबात आत येत नाही. कुठले पाच घ्यायचे ते विचारावं असं वाटलं, विचारलं नाही. चामातबाईंनी माईकवरून माझे आभार मानले: माजी चामातांनी दिलेल्या पडद्यांबद्दल. टाळ्या पडल्या. मी उभा राहून नमस्कार केला. भाषणाचा कागद खिशातच होता.

मोटारसायकलींकडे जायचा रस्ता त्या भिंतीजवळूनच आहे, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांना फोटो दिसत असणार, अशा हिशोबाने मागे गेलो. भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हातभर बोळ. त्यात एकटा को ह्वात. आडवा सरकत सरकत एकेक फोटो बघत होता. बोळ इतका अरुंद की मागे सरकायला जागाच नाही, नाक कॅनव्हासला लागत होतं. चाळीसच्या चाळीस बघितले त्याने. मी टोकाला उभा होतो. घामाने बाटिक चिकटलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, को, खरं सांग, मला फोटो येतो का?

तो म्हणाला, नाही रे, अजून नाही. मग म्हणाला, तू फोटो काढून लगेच खाली फोनकडे बघतोस, कोण काय म्हणतंय म्हणून. समोर काय आहे ते बघायचंच राहतं. पण आता वेळ आहे ना तुझ्याकडे.

एवढं बोलून तो दुकान उघडायला गेला. मला राग यायला हवा होता. आला नाही.

१८ ऑगस्ट
सूर्योदयाला उठलो नाही.

१९ ऑगस्ट
ग्रुप सोडला. कुणी विचारलं नाही. सुलास्त्रीच्या भाचीने मात्र विचारलं, काका, मीही सोडू का?

२४ ऑगस्ट
हयातीचा दाखला द्यायची उद्या शेवटची तारीख. निवृत्तांनी दर तीन महिन्यांनी मोबाईलवरच्या ॲपमध्ये आपला चेहरा टिपून पाठवायचा, नाहीतर पेन्शन बंद. म्हटलं, फोटोच काढायचाय, दोन मिनिटांचं काम. माझ्याइतकी तयारी कुणाची असणार?

खिडकीशी बसलो, अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्ध्यावर सावली. ॲप म्हणालं: प्रकाश अपुरा. पुन्हा प्रयत्न करा.

अंगणात गेलो, सिंदोरो मागे घेतला. चेहरा आढळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.

डोंगर सोडून दिला. चेहरा चौकटीबाहेर. त्यानंतर, फोटो अस्पष्ट. त्यानंतर, फोन हलला. इतकं तोंडावर को ह्वातही बोलला नव्हता. पाच झाले. खाली लाल अक्षरांत आलं, हयात सिद्ध होत नाही, एक प्रयत्न शिल्लक.

पायरीवर बसलो. सुलास्त्री स्वयंपाकघरातून आली, बोटांना तेम्पेचं पीठ. काय झालं विचारलं. फोन दाखवला. तिने बोटं कमरेच्या फडक्याला पुसली, फोन घेतला, समोरच्या पायरीवर बसली. म्हणाली, इकडे बघा. पोट आत घेऊ नका, चेहराच लागतोय.

एकदाच दाबलं. हिरवी अक्षरं आली: फोटो स्वीकारला. आपण हयात आहात.

मी तो फोटो बराच वेळ बघितला. डोळ्यांखाली काळं, केस विस्कटलेले, कॉलर एका बाजूला. पण मीच होतो. कुठेही भेटलो असतो तर ओळखलं असतं.

नोव्हेंबरात पुन्हा लागणार, म्हणून तिला विचारलं, कसा काढलास गं?

म्हणाली, तुमच्याकडे बघून.